हाड शाबूत, पण चिमटीत जोर नाही

जळगाव-धुळ्याच्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो रसवंतीवरचा, नाहीतर गारपिटीतला. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या या मुलखात स्कीइंगचा विषय निघायचं कारण नाही. पण पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस जळगाव-भुसावळवरूनच जाते आणि नाताळच्या सुट्टीत मनाली-काश्मीरचं बुकिंग करणारी कुटुंबं आता खान्देशातल्या तालुक्यांच्या गावांतही आहेत. सोलांगच्या उतारावर किंवा गुलमर्गला भाड्याचे गमबूट, कोट आणि स्की घेऊन तासभर घसरून पाहणं हा सहलीचाच एक भाग झाला आहे. ज्यांना नीट शिकायचं असतं ते मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचा नाहीतर औलीचा अभ्यासक्रम करतात. बाकीचे उतारावरच शिकतात, म्हणजे पडतच शिकतात.

पडण्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण खाली बर्फ असतो. गुडघ्याला जपायला सगळेच सांगतात. अंगठ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. प्रत्यक्षात स्कीइंगमध्ये हाताला होणाऱ्या दुखापतींत अंगठ्याची दुखापत इतकी नेहमीची आहे, की जगभरचे डॉक्टर तिला ‘स्कीअर्स थंब’ म्हणूनच ओळखतात.

ती होते कशी, हे समजायला सोपं आहे. स्की करणाऱ्याच्या दोन्ही हातांत काठ्या असतात. काठीची मूठ तळव्यात, चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला. तोल गेला की माणूस आपसूक हात पुढे करतो. काठी हातातच राहते, तळवा बर्फावर आपटतो आणि काठीची मूठ अंगठ्याला तर्जनीपासून दूर, बाहेरच्या बाजूला रेटते. सगळा प्रकार क्षणात आटोपतो. माणूस उठतो, कपडे झटकतो, फोटो काढतो. संध्याकाळी हॉटेलवर हातमोजा काढताना अंगठ्याचं मूळ सुजलेलं दिसतं. सोबतचं कुणीतरी सांगतं, ‘काई नही, नुसती लचक शे.’ फवारा मारला जातो, बाम चोळला जातो. घरी परतल्यावर एक्स-रे काढला, तर हाड शाबूत निघतं आणि सगळे निश्चिंत होतात.

घोटाळा होतो तो या निश्चिंतीमुळे. एक्स-रेत हाडं दिसतात, हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट दिसत नाहीत. या दुखापतीत मुख्य इजा होते ती लिगामेंटलाच.

अंगठ्याला तीन सांधे असतात. एक मनगटाजवळ, एक टोकाजवळ आणि एक मध्ये, जिथून अंगठा तळव्यापासून सुटा होतो. या मधल्या सांध्याच्या आतल्या, म्हणजे तर्जनीकडच्या बाजूला एक आखूड पण चिवट पट्टी असते. तिचं वैद्यकीय नाव अल्नर कोलॅटरल लिगामेंट. आपण चिमटीत काही धरतो तेव्हा तर्जनी अंगठ्याला बाहेर ढकलत असते आणि ही पट्टी त्याला जागेवर रोखून धरते. ती फाटली तरी अंगठा वाकतो, हलतो, वरवर पाहता ठीकच दिसतो. गाडीची चावी फिरवताना मात्र अंगठा बाहेरच्या बाजूला कलतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही, गोळीची पट्टी फोडता येत नाही, शर्टाचं बटण लावताना जोरच लागत नाही. सातपुड्यातले भिल्ल धनुर्धर एकलव्याच्या आठवणीने अंगठा न लावता बाण सोडतात, असं सांगितलं जातं. स्कूटरची चावी मात्र अंगठ्यावाचून फिरत नाही.

वैद्यकशास्त्राने ही दुखापत आधी बर्फावर नव्हे, शिकारीच्या रानात ओळखली. स्कॉटलंडमध्ये जमीनदारांच्या शिकारी रानांची राखण करणारे रखवालदार ससे मारताना त्यांची मान अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरून पिरगाळत. वर्षानुवर्षं तोच ताण बसून त्यांच्या अंगठ्याचं हे लिगामेंट सैल पडे. सी. एस. कॅम्पबेल या शल्यचिकित्सकाने 1955 साली याविषयी लेख लिहिला आणि ‘गेमकीपर्स थंब’ हे नाव रूढ झालं. रखवालदारांची दुखापत हळूहळू, झिजेतून होणारी होती, तर स्कीवरची एका फटक्यात होणारी. पट्टी मात्र तीच.

पुढचा महत्त्वाचा शोध स्वीडनचा. बर्टिल स्टेनर या डॉक्टरांनी 1962 साली दाखवून दिलं, की पट्टी पूर्ण तुटल्यावर काही जणांच्या बाबतीत ती आपोआप जुळणं शक्यच नसतं. या लिगामेंटवरून एका स्नायूचा पातळ पडदा जातो. झटक्यात अंगठा बाहेर फेकला गेला की तुटलेल्या पट्टीचं टोक या पडद्याखालून निसटून वर येतं. अंगठा जागेवर आला तरी टोक पडद्याबाहेरच राहतं, पँटीत खोचलेला सदरा पट्ट्यावरून बाहेर लोंबावा तसं. आता टोक आणि हाड यांच्यामध्ये पडदाच आडवा असल्यामुळे कितीही दिवस प्लास्टर ठेवलं तरी दोन्हींची गाठ पडत नाही. याला ‘स्टेनर लीजन’ म्हणतात आणि त्यावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही. कधीकधी सांध्याच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. ती या निसटलेल्या टोकाची असू शकते.

हे सगळं वाचून खान्देशातला जो वाचक कधी बर्फावर गेला नाही आणि जाणारही नाही, त्याने पान उलटू नये. अंगठ्याला बाहेर रेटणारी काठी इथे वेगळ्या रूपात हजर असते. सगळ्यात ठळक रूप म्हणजे दुचाकीचं हँडल. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यांवर आणि गावोगावच्या खडीच्या रस्त्यांवर मोटारसायकल घसरते, तेव्हा चालवणाऱ्याची बोटं हँडलवर आवळलेली असतात आणि अंगठा खालून अडकलेला असतो. अंग पुढे फेकलं जातं, हँडल अंगठ्याला बाहेर ढकलतं. स्कीच्या काठीने जे केलं असतं नेमकं तेच. कबड्डीत निसटत्या चढाईपटूला पकडताना, फुटबॉलच्या गोलरक्षकाला जोरदार फटका अडवताना, टेनिस बॉलचा झेल चुकून अंगठ्यावर बसताना हीच पट्टी ताणली जाते. बैलाचा कासरा अंगठ्याला वेढे देऊन धरलेला असेल आणि बैल बुजला, तर बसणारी ओढही याच सांध्यावर येते.

क्रिकेटमुळे अंगठ्याच्या दुखापती घराघरांत पोचल्या. जानेवारी 2021 मध्ये सिडनी कसोटीत मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या डाव्या अंगठ्यावर आदळला, सांधा निखळला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. इंग्लंडविरुद्धची मायदेशातली मालिका त्याच्या हातून गेली. डिसेंबर 2022 मध्ये ढाक्याला स्लिपमध्ये झेल घेताना रोहित शर्माचा डावा अंगठा दुखावला. त्या दिवशी नवव्या क्रमांकावर येऊन त्याने नाबाद 51 धावा काढल्या, पण त्यानंतरच्या कसोटी मालिकेला तो मुकला. या दोघांच्या दुखापतींची जात थोडी वेगळी होती. अगदी याच लिगामेंटचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. बेसबॉलपटू माइक ट्राउट 28 मे 2017 रोजी धावता धावता पुढे सूर मारून पडला आणि त्याच्या डाव्या अंगठ्याचं लिगामेंट फाटलं. तीनच दिवसांत शस्त्रक्रिया झाली आणि 14 जुलैला तो मैदानात परतला, म्हणजे सात आठवड्यांच्या आत. मात्र त्याच्या दिमतीला रोजचा फिजिओ होता आणि बरं होणं एवढंच तेव्हा त्याचं काम होतं. ज्याला सकाळी गाईचं दूध काढायचं आहे किंवा दुकानाचं शटर ओढायचं आहे, त्याने ट्राउटच्या तारखांवरून आपलं वेळापत्रक ठरवू नये.

दुखापत झाल्याबरोबर काय करावं? पहिलं काम अंगठ्या काढण्याचं. सूज चढली की सोन्याची अंगठी कापूनच काढावी लागते, त्यामुळे ती लगेच उतरवलेली बरी. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरावा, थेट कातडीला लावू नये. हात छातीच्या वर उचलून ठेवावा. अंगठा न हलवता पुठ्ठ्याच्या किंवा पट्टीच्या आधाराने बांधावा. काय करू नये, हे त्याहून महत्त्वाचं. खान्देशात अजूनही अनेक जण आधी हाड बसवणाऱ्याकडे जातात. तो अंगठा ओढतो, पिरगाळतो, तेल लावून चोळतो. अर्धवट फाटलेली पट्टी अशा ओढण्याने पूर्ण तुटू शकते, निघालेला हाडाचा कपचा सरकू शकतो. आंबेहळदीच्या लेपाने तेवढं नुकसान होत नाही, पण त्या भरवशावर आठ-पंधरा दिवस निघून जातात आणि या दुखापतीत तेच दिवस मोलाचे असतात.

डॉक्टरांकडची तपासणीही ठरावीक क्रमाने होते. आधी एक्स-रे. काही जणांच्या बाबतीत लिगामेंट तुटत नाही, पण ते जिथे चिकटलेलं असतं तिथला हाडाचा लहान तुकडा उपटून आणतं. तो एक्स-रेत दिसतो. त्यानंतर अस्थिरोगतज्ज्ञ अंगठ्याचा मधला सांधा हलकेच बाहेरच्या बाजूला वाकवून पाहतात. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याशी तुलना करतात, कारण काहींचे सांधे जन्मतःच लवचीक असतात. दुखऱ्या बाजूचा सांधा तीस-पस्तीस अंशांहून अधिक उघडत असेल किंवा चांगल्या बाजूपेक्षा पंधरा अंशांनी जास्त उघडत असेल, तर पट्टी पूर्ण तुटल्याची शंका घेतात. वाकवताना शेवटी घट्ट अडल्यासारखं वाटतं की सांधा नुसताच उघडत जातो, हेही बोटांना कळतं. दुखण्यामुळे रोग्याने हात आवळून धरला, तर जागा बधिर करून ही चाचणी घेतात. मनात शंका उरली तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अस्थिरोग विभागात दाखवताना दुखापत कशी झाली हे नीट सांगितलं पाहिजे. ‘पडलो’ एवढं पुरत नाही. ‘पडताना अंगठा बाहेरच्या बाजूला वाकला’ हे एक वाक्य डॉक्टरांना थेट त्या सांध्याकडे नेतं.

पट्टी अर्धवट फाटली असेल, तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. अंगठा आणि मनगट धरून ठेवणारं प्लास्टर किंवा स्प्लिंट चार ते सहा आठवडे ठेवतात. त्यात अंगठ्याचं टोक मोकळं असतं आणि ते दिवसातून अनेकदा वाकवायचं असतं. बाकीची चार बोटं, कोपर, खांदा यांनाही आराम द्यायचा नाही. ते आखडले तर अंगठा बरा होऊनही हात कामाला येत नाही. प्लास्टरमध्ये बोटं निळसर झाली, बधिर पडली किंवा आत ठणका वाढत गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

पट्टी पूर्ण तुटली असेल, टोक निसटून वर आलं असेल किंवा हाडाचा तुकडा जागा सोडून गेला असेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. भूल बहुधा फक्त हातापुरती दिली जाते. अंगठ्याच्या बाजूला छोटा छेद घेऊन पट्टीचं टोक शोधतात आणि बारीक अँकरच्या आधाराने, धाग्याने ते हाडाला पुन्हा बांधतात. हे काम पहिल्या तीन-चार आठवड्यांत झालं तर पट्टीची मूळ टोकं सापडतात आणि जुळतात. पुढे ती आखडत जातात, सभोवतीच्या ऊतीत चिकटून बसतात. शस्त्रक्रियेनंतर अंगठ्याच्या पाठीवर थोडा बधिरपणा जाणवतो, कारण तिथून त्वचेच्या संवेदनेची नस जाते. बहुतेकांच्या बाबतीत तो हळूहळू ओसरतो.

प्लास्टर निघालं की माणूस आपण बरे झालो असं धरून चालतो. खरं काम तिथून सुरू होतं. सहा आठवडे बांधलेला अंगठा बारीक झालेला असतो, सांधा लाकडासारखा ताठर असतो, त्वचा कोरडी पडलेली असते. पहिले काही दिवस अंगठा फक्त वाकवायचा आणि सरळ करायचा, कोमट पाण्यात हात बुडवून केलं तर सोपं जातं. अंगठा बाहेरच्या बाजूला ताणायचा नाही आणि चिमटीत जोर द्यायचा नाही. जोराचे व्यायाम साधारण आठव्या आठवड्यापासून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू होतात. आधी मऊ स्पंज दाबायचा, मग मुलांची खेळायची क्ले, मग कपडे वाळत घालायचे चिमटे उघडायचे. पूर्ण जोराची चिमट आणि ओढाताणीची कामं सहसा तीन महिन्यांनंतर. सांध्याभोवतीची सूज त्याहून जास्त टिकते. काहींना ती पुढे कित्येक महिने दिसत राहते आणि अंगठी पूर्वीसारखी बसत नाही.

यात प्रत्येकाच्या कामाचा हिशेब वेगळा. कापूस वेचणाऱ्या बाईचा सगळा दिवस चिमटीतच जातो. बोंडातून सरकी-कापूस उपसायला अंगठा आणि दोन बोटं लागतात, आणि ती क्रिया दिवसभरात किती वेळा होते याची मोजदाद कुणी ठेवत नाही. तिने सातव्या आठवड्यात वेचणीला जाणं म्हणजे नुकत्याच जुळू लागलेल्या पट्टीवर पूर्ण दिवस ताण देणं. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर बारीक कडी चिमट्यात धरतो. जोर कमी लागला तरी त्याला नेमकेपणा हवा असतो, आणि तो जोराच्या आधी परत येतो. घरात कळण्याची भाकरी थापणं तुलनेने लवकर जमतं, कारण त्यात तळव्याचं काम अधिक. खापरावरचा मांडा मात्र दोन्ही हातांवर झुलवत वाढवायचा असतो. त्यात अंगठे ताणले जातात, म्हणून त्याला उशीर झालेला बरा.

एक सवय तर या दुखापतीत आपोआप अडते. डाव्या तळव्यावर तंबाखू आणि चुना घेऊन उजव्या अंगठ्याने रगडणं ही खान्देशातल्या पारावरची रोजची हालचाल. अंगठा प्लास्टरमध्ये गेला की मळून देणारा दुसरा कुणी शोधावा लागतो. तो न शोधलेला चांगला. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरून यायला वेळ लागतो. मधुमेह असणाऱ्यांनीही साखर आटोक्यात ठेवायला हवी, त्यांचे सांधे अधिक लवकर आखडतात.

ज्यांची दुखापत कारखान्यात कामावर असताना झाली, त्यांच्यासाठी कायद्यात तरतूद आहे. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात हाताच्या प्रत्येक भागाचं मोल ठरवून दिलं होतं. पूर्ण अंगठा गमावला तर कमावण्याच्या क्षमतेत 30 टक्के घट धरत, तर्जनी गेली तर 14 टक्के, मधलं बोट 12 टक्के, करंगळी 7 टक्के. म्हणजे त्या कायद्याच्या लेखी एक अंगठा दोन तर्जन्यांपेक्षाही भारी होता. लिगामेंट फाटल्यावर अंगठा तुटून पडत नाही, त्यामुळे हे आकडे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे डॉक्टरांनी ठरवलेलं अपंगत्वाचं प्रमाण पाहिलं जातं. म्हणूनच दुखापतीच्या दिवशीची नोंद, एक्स-रे आणि उपचाराचे कागद जपून ठेवणं जळगावच्या एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये राबणाऱ्यासाठी गरजेचं आहे.

स्कीवर परत जाणाऱ्यांसाठी एक सूचना प्रशिक्षक नेहमी देतात: तोल जातोय असं वाटताच काठी सोडून द्यायची. मूठ आवळून पडायचं नाही. मनगटात अडकवायचा काठीचा पट्टा असा हवा, की त्यातून हात चटकन सुटेल. आदल्या वर्षी अंगठा दुखावला असेल तर हातमोज्याच्या आत बसेल असा छोटा स्प्लिंट डॉक्टरांना विचारून वापरता येतो. दुचाकीवाल्यांसाठी अशी युक्ती नाही, पण जाड आणि नीट मापाचे हातमोजे निदान कातडी वाचवतात.

राहता राहिले ते लोक, ज्यांचा अंगठा दोन-चार वर्षांपूर्वी मुरगळला होता आणि तेव्हापासून चिमटीत जोरच नाही. त्यांच्यासाठीही दार बंद झालेलं नाही. जुनी पट्टी जुळण्यासारखी उरलेली नसेल, तर शरीरातल्याच दुसऱ्या भागातून टेंडन काढून नवी पट्टी तयार करतात. त्यासाठी बऱ्याचदा वापरतात तो मनगटातला पामारिस लाँगस. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट थोडं आत वाकवलं, तर मनगटाच्या मधोमध ताठ दोरीसारखा जो उठून दिसतो तोच हा. तो काढला तरी हाताचं काम अडत नाही, आणि काही माणसांना तो जन्मतःच नसतो. वाचकाला तो स्वतःच्या हातावर आत्ताच पाहता येईल. सांध्याची फार झीज झाली असेल, तर मात्र सांधा कायमचा पक्का करण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. त्यात अंगठ्याचं वाकणं थोडं कमी होतं, पण दुखणं थांबतं आणि चिमटीला आधार मिळतो. यांपैकी काय करायचं, हे सांध्यात किती झीज झाली आहे त्यावर ठरतं. त्यामुळे जाताना जुना एक्स-रे घरात कुठे ठेवला असेल तर तो शोधून सोबत न्यावा. तेव्हाचा आणि आताचा सांधा शेजारी ठेवून पाहिला, की डॉक्टरांना निम्मा निर्णय तिथेच घेता येतो.